सोनं खाली यावं, बाकीचं वरच राहावं

अम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळलेलं सोनं पुन्हा धातू करून तळाशी बसवायला फार काही लागत नाही. तांब्याची तार टाकली तरी ते उतरतं. जस्ताने उतरतं, हिराकशीने उतरतं, क जीवनसत्त्वाच्या पुडीनेही उतरतं. सोन्याला द्रावणात राहायची ओढच नसते. इलेक्ट्रॉन देणारं कुणीही भेटलं, की ते आयनाचं रूप सोडून धातू व्हायला तयार असतं. त्यामुळे घरगुती पातळीवर सोनं शुद्ध करणाऱ्यांमध्ये ‘कशाने उतरवायचं’ याचं उत्तर बहुधा ‘जे हाताशी असेल त्याने’ असंच मिळतं. माझं तेवढ्याने समाधान होत नव्हतं. म्हणून एकच द्रावण वाटून घेऊन चार रसायनं शेजारी-शेजारी वापरून पाहिली. सोनं चारही बीकरांत खाली आलं. फरक पडला तो त्याच्याबरोबर आणखी कोण खाली आलं यात, आणि माझ्या मते रसायनाची निवड त्यावरूनच करायला हवी.

कच्चा माल म्हणजे जुन्या संगणकांच्या बोर्डांच्या सोनेरी कडा आणि कनेक्टरच्या पिना. अशा मालात सोनं नावापुरतं असतं. खाली निकेल, त्याखाली तांबं, जोडांवर कथील आणि शिसं, आणि काही जुन्या कनेक्टरांमध्ये सोन्याच्या पातळ मुलाम्याखाली पॅलॅडियम (प्लॅटिनमसारखा एक मौल्यवान धातू) आणि निकेल यांचा थर. एवढी सगळी मंडळी अम्लराजात एकत्र विरघळतात आणि द्रावण हिरवंगार होतं. सोन्याच्या क्लोराइडचा स्वतःचा रंग पिवळा-नारिंगी असतो, पण तांबं आणि निकेल त्याला पार झाकून टाकतात.

तुलनेसाठी मी दोन द्रावणं केली. एक स्वच्छ, म्हणजे आधी एकदा शुद्ध केलेल्या सोन्याचं. दुसरं मिश्र, म्हणजे वरच्या मालातून थेट आलेलं. दोन्हींचे समान भाग केले आणि प्रत्येक बीकरात सोनं साधारण एक ग्रॅम येईल असं पाहिलं. रसायनं चार: सोडियम मेटाबायसल्फाइट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ऑक्झॅलिक आम्ल आणि ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व. जस्त मुद्दामच घेतलं नाही, कारण जस्त निवड करत नाही. सोन्यापासून तांब्या-शिशापर्यंत सगळ्यांना ते खाली ओढतं, आणि पुन्हा तोच गुंता तळाशी गोळा होतो. हायड्रझीन विषारी आणि घातक म्हणून वगळलं. सोडियम नायट्राइटने सोनं उतरतं, पण आम्लात पडताच त्यातून तपकिरी विषारी वायू उसळतो, म्हणून तेही नको.

पण कुठलंही रसायन घालण्याआधी एक काम नीट व्हावं लागतं आणि त्यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे, कारण पुढचं सगळं यश त्यावर उभं आहे. ते म्हणजे उरलेलं नायट्रिक आम्ल काढणं. अम्लराजात हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन-चार भाग आणि नायट्रिकचा एक असं प्रमाण सांगतात, पण प्रत्यक्षात नायट्रिक थेंबाथेंबाने, लागेल तेवढंच घालावं. एकदम ओतलं की ते उरतं, आणि उरलेलं नायट्रिक दोन प्रकारे आडवं येतं. घातलेलं रसायन ते स्वतःच खाऊन टाकतं, आणि खाली बसलेलं सोनं पुन्हा विरघळवतं. मेटाबायसल्फाइट टाकल्यावर तपकिरी धूर निघाला, तर समजायचं की नायट्रिक अजून शिल्लक आहे आणि आपण पूड वाया घालवतोय.

ते काढायचे तीन मार्ग ऐकायला मिळतात. पहिला, द्रावण मंद आचेवर आटवायचं, पाक होत आला की हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, पुन्हा आटवायचं. खात्रीचा मार्ग, पण वेळखाऊ आणि धुराचा. द्रावण उकळू दिलं तर शिंतोड्यांबरोबर सोनंही उडतं. दुसरा मार्ग युरियाचा. जुन्या माहितीत तो सर्रास सांगितलेला असतो, पण युरिया नायट्रस आम्ल आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर काम करतो, खुद्द नायट्रिक आम्लावर नाही. युरिया टाकल्यावर फसफसतं, ते पाहून काम झालं असं वाटतं आणि नायट्रिक जागच्या जागी राहतं. तिसरा मार्ग सल्फॅमिक आम्लाचा, आणि मला तोच पटला. गरम द्रावणात ते थोडं थोडं टाकलं, की नायट्रिक आम्लाशी त्याची क्रिया होऊन नायट्रस ऑक्साइड, पाणी आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. फसफस थांबली की नायट्रिक संपलं. तयार झालेल्या सल्फ्युरिक आम्लाचा एक जास्तीचा उपयोगही होतो. द्रावणात शिसं असेल तर त्याचं पांढरं सल्फेट होऊन खाली बसतं आणि गाळून टाकता येतं. मालात शिशाचे जोड होते, त्यामुळे ही पांढरी साय मला स्पष्ट दिसली.

त्यानंतर थंड पाणी घालून द्रावण दोन-तीन पट पातळ करायचं आणि रात्रभर स्थिर ठेवायचं. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात चांदीचं क्लोराइड थोडं विरघळलेलं राहतं. पातळ आणि थंड केलं की ते दुधी गाळ होऊन बसतं. मग दाट गाळणकागदातून गाळायचं. गाळलेलं द्रावण उजेडात धरून पाहिलं तर ते लख्ख पारदर्शक हवं. रंग कोणताही असो, पण गढूळपणा नको. गढूळ द्रावणातून उतरलेलं सोनं चांगलं निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. कथील असेल तर त्याचा बंदोबस्त याच्याही आधी करावा लागतो. नायट्रिकमुळे कथिलाची चिकट, पांढरट लापशी होते, ती गाळणकागदाची छिद्रं बुजवते आणि सोन्याचं द्रावण स्वतःत धरून ठेवते. म्हणून माल आधी नुसत्या गरम हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून कथील काढून घ्यायचं आणि तो भरपूर पाण्याने धुवून मगच पुढे जायचं.

सोनं द्रावणात आहे की नाही हे सांगणारी परीक्षा मात्र कथिलाचीच. कथिलाचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला की स्टॅनस क्लोराइड मिळतं. गाळणकागदावर द्रावणाचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. सोनं असेल तर जांभळा ते काळपट-जांभळा डाग उमटतो. हा जांभळा रंग सतराव्या शतकापासून कॅसियसच्या नावाने ओळखला जातो आणि काचेला, चिनी मातीला लाल-गुलाबी छटा देण्यासाठी तो वापरला गेला. स्टॅनस क्लोराइड हवेने बिघडतं, म्हणून बाटलीत कथिलाचा एक तुकडा टाकून ठेवायचा आणि दर वेळी सोन्याच्या माहीत असलेल्या द्रावणाचा थेंब घेऊन आधी बाटलीचीच परीक्षा करायची. द्रावणात सोनं असूनही डाग उमटला नाही, तर दोष बहुतेक वेळा या बाटलीचा असतो.

आता तुलना. आधी स्वच्छ द्रावण.

मेटाबायसल्फाइटचं काम साधं. आम्लात पडलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, आणि तो वायू सोन्याच्या आयनाला धातू करतो. हिशेबाने एक ग्रॅम सोन्याला सुमारे ०.७२ ग्रॅम पुरतं. वायू थोडा हवेत जातोच, म्हणून मी दुपटीच्या आसपास घेते. द्रावण थंड ठेवलं की वायू जास्त विरघळतो आणि कमी वाया जातो. पूड आधी पाण्यात विरघळवून हळूहळू घातली. पिवळा रंग फिका पडला, मग द्रावण क्षणभर जवळजवळ पाण्यासारखं दिसलं आणि लगेच त्यात गेरूच्या रंगाचं ढग उठलं. थोडं गरम करून ढवळलं, की ते ढग जड होऊन तळाशी बसतं. वर राहिलेलं पाणी स्वच्छ. ही पूड जुनी असेल तर तिचं हळूहळू सल्फेट होत गेलेलं असतं आणि हिशेब चुकतो, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा लागतो.

हिराकस लागते भरपूर, एका ग्रॅम सोन्याला हिशेबाने ४.२ ग्रॅम. कारण सोन्याच्या एका अणूला तीन इलेक्ट्रॉन हवेत आणि लोहाचा एक आयन एकच देतो. खडे ताजे आणि हिरवे हवेत. पिवळट-तांबूस झालेल्या खड्यांमधलं लोह आधीच ऑक्सिडीभूत झालेलं असतं आणि त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. पाण्यात विरघळवताना हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घातले, नाहीतर लोहाचं हायड्रॉक्साइड सोन्यात मिसळतं. हे द्रावण गाळून मगच ओतलं. सोनं संथपणे आलं. पूड मेटाबायसल्फाइटच्या पुडीपेक्षा गडद आणि बारीक, आणि बसायला तिने जास्त वेळ घेतला. वास नाही, वायू नाही, उसळणं नाही. फुप्फुसांचा त्रास असलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. सल्फर डायऑक्साइडने दमेकऱ्याला झटका येऊ शकतो.

ऑक्झॅलिक आम्लाला संयम लागतो. तीव्र आम्लात ते जवळजवळ स्वस्थ बसून राहतं, कारण इलेक्ट्रॉन देणारा ऑक्झलेट आयन तिथे मोकळा राहत नाही. म्हणून द्रावणाचं आम्ल आधी कमी करावं लागतं. त्यासाठी मी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं. सोडियमचं वापरलं असतं तर सोडियम ऑक्झलेट झालं असतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि पांढरे स्फटिक सोन्यात बसतात. अमोनिया तर इथे मुळीच नको. सोन्याच्या द्रावणाला अमोनिया लागला की विस्फोटक सोनं तयार होऊ शकतं, आणि सुकल्यावर ते घर्षणानेही फुटतं. कीमयागारांच्या काळापासून माहीत असलेला हा धोका आहे आणि तो आजही तेवढाच खरा आहे. द्रावण उकळीच्या जवळ नेऊन ऑक्झॅलिक आम्ल चिमटी-चिमटीने घातलं. हिशेबाने एका ग्रॅमला ०.९६ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस भराभर वर चढतो, म्हणून बीकर अर्ध्याहून कमी भरलेलं हवं. आणि मग जे दिसतं ते बाकी कुठल्याही पद्धतीत दिसत नाही. तपकिरी पूड नाही, तर चमकणारे सोनेरी कण आणि त्यांचा स्पंजासारखा गोळा. सोनं सोन्यासारखं दिसतं. ते लगेच बसतं, धुताना वाहून जात नाही, गाळणकागदाला चिकटत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते.

ॲस्कॉर्बिक आम्ल सर्वात सोपं वाटलं. साध्या तापमानाला, आम्लातही, काही क्षणांत काम. एका ग्रॅमला सुमारे १.३४ ग्रॅम. पण पूड अतिशय बारीक आली आणि वरचं पाणी लालसर-जांभळट राहिलं. हा रंग म्हणजे सोन्याचे इतके लहान कण, की ते तळाशी बसतच नाहीत. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये अशाच लाल द्रवांचा अभ्यास करून त्यांचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो हे दाखवलं होतं. विज्ञानाला तो शोध मोलाचा, पण सोनं गोळा करणाऱ्याला तो लाल रंग म्हणजे डोकेदुखी. थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळल्यावर बरेच कण एकत्र आले आणि द्रव फिका झाला, तरी बाकीच्या तिघांइतकं स्वच्छ पाणी मिळालं नाही.

या फेरीवर थांबले असते तर ऑक्झॅलिक आम्ल पहिलं, मेटाबायसल्फाइट दुसरं असा निकाल दिला असता. स्वच्छ द्रावणात स्पर्धकच नसतो, त्यामुळे तिथे फक्त हाताळणीची सोय मोजली जाते. खरी परीक्षा मिश्र द्रावणात.

ती समजायला काही आकडे उपयोगी पडतात. एखादा आयन धातू व्हायला किती उत्सुक आहे हे प्रमाण विभवाने मोजतात. आकडा जितका खाली, तितकी इलेक्ट्रॉन द्यायची ताकद जास्त. सोन्याच्या क्लोराइडचं विभव सुमारे १.०० व्होल्ट. लोहाच्या दोन रूपांमधलं ०.७७. पॅलॅडियमच्या क्लोराइडचं ०.५९. तांब्याचं ०.३४. सल्फर डायऑक्साइडचं मात्र ०.१७ च्या आसपास, आणि ऑक्झॅलिक आम्लाचं शून्याच्याही खाली. आम्लाच्या तीव्रतेप्रमाणे हे आकडे थोडे सरकतात, पण क्रम बोलका आहे. हिराकस सोन्याच्या खाली आणि पॅलॅडियमच्या वर बसते. म्हणजे सोन्याला खाली आणण्याएवढी ताकद तिच्यात आहे, पॅलॅडियमला आणण्याएवढी नाही. सल्फर डायऑक्साइडची ताकद त्याहून किती तरी जास्त. तो पॅलॅडियमला हात लावू शकतो, आणि तांब्याला पूर्ण धातू नाही तरी एका इलेक्ट्रॉनाने खाली आणून पांढरं क्युप्रस क्लोराइड करू शकतो. प्रत्यक्षात आम्ल द्रावणात या जोडक्रिया संथ असतात. सोनं आधी येतं, बाकीचे मागाहून रेंगाळत येतात. त्यामुळे मेटाबायसल्फाइटच्या बाबतीत सगळा खेळ ‘किती घातलं’ आणि ‘कधी थांबलो’ याचा होतो.

मिश्र द्रावणात मी म्हणूनच मेटाबायसल्फाइटचे दोन बीकर घेतले. एकात दर वेळी थोडं घालून कागदावर थेंबाची परीक्षा करत, जांभळा डाग नाहीसा होताच थांबले. दुसऱ्यात मुद्दाम भरपूर घातलं. पहिल्यातली पूड गेरूच्या रंगाची, स्वच्छ द्रावणातल्यासारखीच. दुसऱ्यातल्या पुडीवर पांढुरकी झाक आली आणि हवा लागताच ती हिरवट होऊ लागली, म्हणजे क्युप्रस क्लोराइडच. गरम हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर ते गेलं, कारण तीव्र आम्लात ते विरघळतं. पण त्यासाठी धुण्याच्या फेऱ्या वाढल्या, आणि प्रत्येक फेरीत थोडी बारीक पूड वाहून जायचा धोका असतोच.

पॅलॅडियमचा पत्ता लावायला दोन्हीकडची धुतलेली पूड थोडी-थोडी पुन्हा विरघळवली, हिराकशीने फक्त सोनं उतरवलं आणि उरलेल्या द्रवात डायमिथाइलग्लायऑक्झाइमचा थेंब टाकला. आम्ल द्रावणात पॅलॅडियम असेल तर याने पिवळा गाळ येतो. जपून केलेल्या बीकराच्या द्रवात काही दिसलं नाही. भरपूर घातलेल्याच्या द्रवात फिकट पण निश्चित पिवळा ढग आला.

हिराकशीने मिश्र द्रावणात आपली खरी किंमत दाखवली. सोनं नेहमीप्रमाणे संथ आलं, पण तांबं, निकेल, पॅलॅडियम सगळे वर राहिले. उरलेल्या द्रवात डायमिथाइलग्लायऑक्झाइमने पिवळा गाळ भरघोस आला, म्हणजे पॅलॅडियम सगळं वरच होतं आणि वेगळं काढायला मोकळं होतं. जास्त घातली तरी बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण. दोष दोन. एक तर द्रावणाचं आकारमान खूप वाढतं आणि कचऱ्यात लोह भरपूर जमतं. दुसरं, कागदावरची जांभळी परीक्षा फसवी होते, कारण तयार झालेलं फेरिक लोह स्टॅनस क्लोराइड खाऊन टाकतं. एका थेंबाने डाग आला नाही म्हणून सोनं संपलं असं मानायचं नाही. दोन-तीन थेंब जास्त टाकून पाहायचं.

ऑक्झॅलिक आम्ल, जे स्वच्छ द्रावणात मला इतकं भावलं होतं, ते इथे पार अडखळलं. आम्ल कमी केल्यामुळे तांब्याचं फिकट निळं ऑक्झलेट आणि निकेलचं हिरवट ऑक्झलेटही खाली बसलं. चमकदार सोनेरी कण त्या निळसर चिखलात दडून गेले. गरम हायड्रोक्लोरिक आम्लात धुवून ते सोडवता आलं, पण ‘सहज धुतलं जाणारं सोनं’ हा त्याचा फायदाच उरला नाही. ॲस्कॉर्बिक आम्लाच्या बीकरात बारीक पूड, रंगीत पाणी आणि काही वेळाने तपकिरी होत जाणारा द्रव असं सगळं एकत्र आलं. सेंद्रिय आम्लाचे तुकडे त्यात राहतात आणि ते धुवून निघायला जड जातं. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याने ते जरूर वापरावं, पण मी मुद्दाम होऊन निवडणार नाही.

धुणं हा कंटाळवाणा भाग वाटतो, पण शुद्धता बऱ्याच अंशी इथेच मिळते. आधी गरम पाणी, मग हायड्रोक्लोरिक आम्लात उकळी, आम्लाला रंग येईनासा होईपर्यंत. मग पुन्हा पाणी, तेही स्वच्छ निघेपर्यंत. आम्लाला पिवळट रंग आला तर लोह किंवा सोनं, हिरवट आला तर तांबं-निकेल. म्हणून प्रत्येक धुण्याच्या पाण्याची कागदावर परीक्षा करून मगच ते बाजूला ठेवते. बरेच जण चांदीचं क्लोराइड काढायला अमोनियाने धुतात. मी ते करत नाही. गाळताना द्रावण थंड आणि पातळ केलेलं असलं, की चांदी आधीच गेलेली असते.

वितळवताना मुशीत टाकणखार लागतो, आणि टाकणखाराची काच फुकटात परीक्षा करून देते. थंड झाल्यावर ती रंगहीन राहिली तर उत्तम. लोह असेल तर पिवळट-तपकिरी किंवा हिरवी छटा, तांबं असेल तर निळसर-हिरवी, निकेल असेल तर तपकिरी. हिराकशीच्या पुडीची काच किंचित पिवळसर निघाली, म्हणजे माझ्या धुण्यातूनही थोडं लोह उरलं होतं. जपून केलेल्या मेटाबायसल्फाइटची जवळजवळ रंगहीन होती. सोन्याचं बटण थिजताना मधोमध खोलगट नळी पडते. शुद्ध सोनं १०६४ अंशांना एकाच तापमानाला थिजतं आणि आकसतं, त्यामुळे कडा आधी घट्ट होतात आणि मधला भाग शेवटी खचतो. भेसळ असली तर ही नळी क्वचितच नीट पडते. ही खूण चांगली असली तरी तिच्यावरून किती नऊ आले, म्हणजे शुद्धता ९९.९ टक्के की ९९.९९, ते ठरत नाही. तेवढ्यासाठी शास्त्रीय परीक्षण करून घ्यावं लागतं. घनता मोजायचा मोहही होतो, पण एका ग्रॅमच्या बटणाचं आकारमान ०.०५२ घन सेंटिमीटर भरतं. घरच्या काट्यावर त्यात होणारी चूक शुद्धतेतल्या फरकापेक्षा मोठी असते.

या सगळ्यातून माझा क्रम ठरला. मिश्र मालात पॅलॅडियमची शंका असेल तर पहिली फेरी हिराकशीने. नसेल तर मेटाबायसल्फाइटने, थोडं-थोडं, परीक्षा करत. मग धुऊन, पुन्हा विरघळवून, दुसरी फेरी ऑक्झॅलिक आम्लाने. दोन्ही फेऱ्यांना एकच रसायन वापरलं तर त्याच्यासोबत उतरणारी भेसळ दोन्ही वेळा उतरते. रसायन बदललं की पहिल्याची कमजोरी दुसरं भरून काढतं. हिराकशीमागून ऑक्झॅलिक आम्ल वापरताना पूड नीट धुतलेली असली, तर उरलेलं थोडं लोह विरघळलेल्या रूपातच राहतं, आणि दुसऱ्या फेरीत तांबं-निकेल जवळजवळ नसल्याने निळा चिखल होत नाही. सोनं स्वच्छ, चमकदार, स्पंजासारखं हाती येतं.

सोन्याच्या या परतीच्या प्रवासावर माझा विश्वास बसला तो एका जुन्या घटनेमुळेही. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये आल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत मॅक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदकं ठेवलेली होती. ती जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून तिथले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी ती अम्लराजात विरघळवली. तो द्रव युद्ध संपेपर्यंत फडताळावर सुरक्षित राहिला, नंतर त्यातून सोनं उतरवलं गेलं आणि पदकं पुन्हा घडवली गेली. द्रावण नीट झाकून, नाव लिहून ठेवलं तर सोनं कुठेही जात नाही. म्हणून घाई करायचं काहीच कारण नसतं. शंका आली की मी थांबते, बीकर झाकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा घेते.

सुरक्षिततेबद्दल एवढंच. हे सगळं धूर खेचून घेणाऱ्या कपाटातच करायचं काम आहे. नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास त्या क्षणी जाणवत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं, आणि तोपर्यंत माणूस निर्धास्त असतो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नये. मेटाबायसल्फाइटच्या डब्याजवळ आम्लाची बाटली ठेवू नये. चष्मा, हातमोजे, ॲप्रन यांत सवलत नाही, आणि एकदा या कामाला लागलेलं भांडं स्वयंपाकघरात परत जात नाही.

उरलेला द्रव हा शेवटचा टप्पा, आणि तांब्याच्या तारेचा उपयोग इथे होतो. सगळे उरलेले द्रव एका बरणीत जमवून त्यात तांबं टाकून ठेवते. सोनं, पॅलॅडियम, प्लॅटिनम, चांदी यांतलं जे काही निसटलं असेल ते काळ्या पुडीच्या रूपात हळूहळू तांब्यावर बसतं. ती पूड जमली की पुढच्या खेपेच्या मालात जाते. वरचा हिरवा-निळा द्रव दुसऱ्या बरणीत ओतून त्यात लोखंडाचे तुकडे घालते, म्हणजे तांबं उतरतं. मग हायड्रॉक्साइड घालून पीएच नऊच्या आसपास नेते, तेव्हा लोह, निकेल आणि उरलेले जड धातू गाळ होऊन बसतात. हा गाळ सुकवून बंद डब्यात, आत काय आहे ते वर लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. वरच्या पाण्याचं पीएच सातच्या जवळ आणून, त्यात धातू उरला नाही याची खात्री झाल्यावरच ते सोडायचं.